साठ गोळ्या आणि एक मेंढी

आधीच सांगून टाकते, मला नोकरीला लागून जेमतेम पाच वर्षं झालीत. नोकरीतल्या आठवणी लिहायला लोक निवृत्त झाल्यावर बसतात म्हणे. पण ह्या मासिकाच्या संपादककाकांनी विचारलं, आणि मला कुणी काही विचारलं की माझं तोंड आणि बोटं दोन्ही थांबत नाहीत. सातारला डी. फार्मच्या सुट्टीत आईनं बळजबरीनं टायपिंगला घातलेलं, ते आत्ता कामाला येतंय.

सांगलीत एका ट्रस्टच्या दवाखान्यात कॅन्सरचा विभाग आहे. तिथल्या औषधाच्या खिडकीवर मी बसते. लोकांना वाटतं, हिचं काम काय? कागद बघायचा, पाकीट कात्रीनं कापायचं, पुडीत घालायचं आणि "रोज एक" म्हणायचं. सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. पण मला भलती सवय आहे. माणूस पुडी घेऊन गेला की माझ्या डोक्यात सुरू होतं, आता हा गोळी कुठं ठेवणार? फडताळात? पिठाच्या डब्यात? कशाबरोबर घेणार? विसरला तर काय करणार? आमचे शिंदेसर, म्हणजे खिडकीवरचे मोठे फार्मासिस्ट, वैतागायचे. "अगं, गोळी दिली की संपलं. तिच्या मागं सासरपर्यंत जाणार हायस का?"

ज्या गोळीबद्दल सांगायचंय तिचं नाव टॅमॉक्सिफेन. बायकांच्या छातीच्या कॅन्सरवर देतात. सगळ्यांना नाही, कुणाला द्यायची ते डॉक्टर ठरवतात. सलाईनमधून देतात ती औषधं सगळ्या शरीराला झोडपतात, केस जातात, उलट्या होतात. ही तसली नाही. ही साधी पांढरी गोळी, नेमकी एक जागा धरते. बाईच्या अंगातलं एक संप्रेरक असतं, ते काही गाठींना खाऊ घालतं. ही गोळी जाऊन त्या संप्रेरकाच्या जागेवर बसते, म्हणजे गाठीला खाणं मिळत नाही. डॉक्टर मॅडमनी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी दोन दिवस येईल त्याला सांगत सुटलेले. चहावाल्यालासुद्धा!

पण एवढी हुशार गोळी रोज पोटात गेली तरच हुशार. वर्षानुवर्षं रोज. आणि दुखत तर काहीच नसतं. ऑपरेशन झालेलं, जखम भरलेली, बाई कामाला लागलेली. दुखत नसताना रोज औषध घ्यायचं हे आपल्याकडं कुणाला पटतच नाही.

सांगलीच्या गावभागातल्या एक काकू होत्या. महिन्याला तीस गोळ्या न्यायच्या आणि पुढच्या महिन्यात यायच्या तेव्हा सात-आठ उरलेल्या असायच्या. मी म्हटलं, "काकू, ह्या कशा राहिल्या?" तर म्हणाल्या, "अगं, उपास नाहीत का? सोमवार, चतुर्थी, एकादशी. त्यात काय घातलेलं असतं कुणाला माहीत!" मलाही माहीत नव्हतं. आणि माहीत नसलं की मला चैन पडत नाही. मी कंपनीला पत्र लिहिलं. चक्क उत्तर आलं! औषधाशिवाय त्यात दुधातली साखर आणि मक्याचा स्टार्च. काकूंनी पत्र दोनदा वाचलं. "दूध चालतं," म्हणाल्या, "पण मका म्हणजे धान्य की गं." आता आली का पंचाईत! मीच पत्र लिहून नवीन अडचण तयार केलेली. शेवटी त्या आपल्या गुरुजींकडं गेल्या. गुरुजींनी सांगितलं, औषधाला उपास नसतो. मग काकूंच्या गोळ्या उरायच्या थांबल्या.

त्यावरून मी एक पद्धत पाडली. नवीन गोळ्या हव्यात तर जुनी रिकामी पाकिटं घेऊन यायचं. पाकीट बघितलं की कळतं, किती फोडल्या, किती राहिल्या. शिंदेसर म्हणाले, "खिडकीचा भंगारवाला केलास." पण मला लय अभिमान होता त्या पद्धतीचा. पाकीट खोटं बोलत नाही, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगायचे.

मग सुंदराक्का आल्या.

जतच्या पूर्वेकडच्या. मेंढरं राखणाऱ्या. तिकडं पाऊसपाणी नाही, म्हणून दिवाळी झाली की सगळा संसार घोड्यावर टाकून पश्चिमेला निघायचं, कृष्णा-कोयनेच्या काठाला. तिथं शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं, ह्यांना धान्य मिळतं, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत माघारी. अक्कांचं ऑपरेशन श्रावणात झालं. एक बाजू काढलेली. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, नक्की त्यांनाही माहीत नाही. दिवाळीनंतर खिडकीशी आल्या त्या निघायच्या तयारीनंच. बरोबर नवरा, म्हादूआबा, आणि मोठा मुलगा. तिघं एका रांगेत उभे.

डॉक्टरांनी दोन महिन्यांच्या लिहिलेल्या. दहाची सहा पाकिटं, साठ गोळ्या.

"ही गोळी कशाची गं पोरी?" अक्कांनी विचारलं.

मागं रांग होती. मी म्हटलं, "थानात परत गाठ होऊ नये म्हणून."

"आन खायाची कशी?"

"रोज एक, एकाच वेळेला. चावायची नाही, पाण्याबरोबर गिळायची. जेवणाआधी, नंतर, कशीही. एखादा दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. उन्हात, ओलीत ठेवायची नाही."

हे मी धडाधडा म्हणाले. वर माझ्या पिशवीतली साबणाची रिकामी डबी दिली, पाकिटं बरोब्बर मावतात तिच्यात. आणि पुढचं जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही. ते असं की पाळी थांबलेल्या बाईला ह्या गोळीनं कधीकधी परत अंगावरून जायला लागतं, आणि तसं झालं तर एक दिवसही थांबायचं नाही, तपासायला यायचं. एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, दम लागला, तर त्याच पावली यायचं. मला सगळं पाठ होतं. पण समोर नवरा, बाजूला जाणता मुलगा, मागं रांगेत बाप्ये. मी तेवीस वर्षांची. अंगावरून जाणं हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. मी म्हटलं, "काही त्रास झाला तर या."

अक्का म्हणाल्या, "बरं."

दोन महिन्यांनी त्या सांगलीला कशा येणार? तळ तेव्हा कराडच्या पुढं असणार. मीच म्हटलं, मी दर शनिवारी घरी सातारला जाते, एसटी कराडला थांबते, मी स्टँडवर उतरून गोळ्या देते. डॉक्टर मॅडम हो म्हणाल्या. शिंदेसर म्हणाले, "जा, आता खिडकीला चाकं लाव."

संक्रांतीच्या आधीचा शनिवार. कराडच्या स्टँडवर उसाच्या हंगामाची ही गर्दी. आबा आणि अक्का रसवंतीच्या कडेला उकिडवे बसलेले, मला लांबूनच दिसले. माझ्या पर्समध्ये पुढच्या सहा पाकिटांची पुडी. अक्कांनी साबणाची डबी काढून पुढं केली. उघडून बघते तर सहाच्या सहा पाकिटं रिकामी! एक गोळी शिल्लक नाही. मी तर हरखलेच.

"अक्का, शाबास! एकसुद्धा चुकवली नाही!"

आबांनी मिशीवरनं हात फिरवला. "आन तिची बी सुदारली बगा."

"कुणाची?"

"मेंढीची की."

मला काही कळेना. आबा कौतुकानं सांगायला लागले. "आवं, आमची एक मेंढी यायली आन तिची कास दगडी झाली. ह्यी हाताएवडी गाठ. पिल्लू तोंड लावंना. मंग ही म्हनाली, थानातल्या गाठीची गोळी आपल्यापाशी हायच की. मेंढीला बी थानच हाय. पंदरा रोज चारली भाकरीतनं. उतरली की गाठ!"

मी स्टँडवर खाली फरशीवरच बसले. दुधातून गोळी पिल्लाच्या पोटात गेली की काय, म्हणून पिल्लाचं काय केलं विचारलं, तर ते दुसऱ्या मेंढीला लावलेलं. तेवढं बरं झालं. मग डोक्यात हिशेब आला. साठातल्या पंधरा मेंढीनं खाल्ल्या. उरल्या पंचेचाळीस. म्हणजे गेले पंधरा दिवस अक्कांच्या पोटात गोळी नाही.

"अक्का, ही मेंढीची नाही! माणसाची गोळी कुणालाच द्यायची नसते, मेंढीला नाही, शेजारणीला नाही..." मी भडाभडा बोलत होते. हसू पण येत होतं आणि रडू पण. आणि रागही माझाच येत होता. थानातल्या गाठीची गोळी असं कोण म्हणालं होतं? मीच ना!

अक्कांनी डबी माझ्या हातातनं घेतली. आबांकडं बघून म्हणाल्या, "पोरगी दमून आलीया, च्या तरी आना की." आबा उठून कँटीनकडं गेले. ते गर्दीत दिसेनासे झाले तशा अक्का सरकून माझ्याजवळ आल्या.

"ह्यास्नी ठावं न्हाई," म्हणाल्या. "गाठीसाठी न्हवती दिली. दगडी कास मला काय नवी हाय? ती शेकून, पिळून उतरती. मला बगायचं हुतं."

"काय बघायचं होतं?"

"मला महिन्यापासनं लाल जातंय." आवाज एवढा खाली की मला वाकावं लागलं. "चार वर्सं बंद झाल्यालं. गोळी खाया लागले आन सुरू झालं. म्हटलं, गोळीनं हाय का रोगानं हाय? कळाय पायजे का नगं? म्हनून मेंढीला देऊन बगितली. पंदरा रोज बगितलं, तिला काय बी न्हाई झालं. मंग आपली बी संपली, तवा आपसुकच बंद झाली. तरी माजं लाल थांबंना. म्हंजे गोळीचा दोष न्हाई. रोगच खाली उतारलाय."

 ह्या बाईनं शाळेचं तोंड बघितलं नाही. तिनं एकीला औषध देऊन बघितलं, दुसरीचं औषध काढून बघितलं, आणि मग निष्कर्ष काढला. आम्हाला कॉलेजात हेच शिकवायला दोन वर्षं घालवली! आणि निष्कर्ष काढून, आपण आता मरणार असं ठरवून, कुणाला चकार शब्द न बोलता ती मेंढरांमागं चालत होती.

"मग तुम्ही आला का नाही? मी म्हटलेलं, त्रास झाला तर या."

"तरास कुटं हाय?" अक्का खरंच नवलानं म्हणाल्या. "दुखत न्हाई, खुपत न्हाई. नुसतं जातंय."

हे वाक्य मला अजून आठवतं. दिवसातून वीस वेळा मी म्हणायचे, काही त्रास झाला तर या, आणि मला वाटायचं मी सांगितलं. पण त्रास म्हणजे नेमकं काय, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "अक्का, ऐका. मेंढीचं शरीर वेगळं. तिला नाही झालं म्हणून तुम्हाला होणार नाही असं नाही. ह्या गोळीनंसुद्धा असं जातं. गर्भपिशवीच्या आतलं अस्तर जाड होतं, मांसाचा कोंब येतो. आणि एकदा कोंब आला की गोळी थांबवून तो लगेच जात नाही. पण..." इथं मला खोटं बोलता आलं असतं. "पण कधीकधी ते वाईटही असतं. बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आजच्या आज सांगलीला चला."

"परत कापत्याल."

"आधी बघतील."

"आन वाईट निगालं तर?"

"तर लवकर कळलेलं बरं."

"तुला सोपं हाय बोलाय."

खरंच होतं ते.  एवढ्यात आबा तीन ग्लास हातात कसेबसे धरून आले. अक्कांनी चहा हातात घेतला, प्यायल्या नाहीत. मग एका दमात, ग्लासात बघत, सगळं सांगून टाकलं त्यांना. लाल जाण्याचं, मेंढीचं, सगळं. मला वाटलं आबा चिडणार. त्यांनी हातातले ग्लास खाली ठेवले. मग म्हणाले, "मेंढीची डाक्टरीन झालीस व्हय गं? आन सोताला कोन बगायचं, घोडं?"

"मेंढरं?" अक्का म्हणाल्या.

"मेंढरं मी आन सून बगतो. तू जा हिच्यासंगं. अजून च्या प्याली न्हाईस? पी आधी."

मी सातारची गाडी सोडून दिली. पीसीओवरून घरी फोन केला, आईनं दोन शिव्या दिल्या, आणि आम्ही दोघी सांगलीच्या गाडीत बसलो. अक्का खिडकीशी. इस्लामपूर येईपर्यंत त्या उसाच्या ट्रॉल्या मोजत होत्या. मग एकदम माझ्याकडं वळल्या.

"गोळी करती काय गं नेमकं? गाठ जाळती का फोडती?"

पाच वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या एकाही पेशंटनं विचारलेला नाही. मी एसटीच्या तिकिटाच्या मागं पेननं चित्र काढायला लागले. ही गाठ, हे तिचं तोंड, हे बाईच्या अंगातलं संप्रेरक, ते ह्या तोंडातून तिला पाजतं. आता गोळी येऊन तोंडावर बसते. जाळत नाही, फोडत नाही, पिऊ देत नाही.

अक्कांनी तिकीट फिरवून फिरवून बघितलं. "म्हंजे पिल्लू तोडायचं असलं की आमी त्याच्या तोंडाला मुसकं बांदतो, तसं. आईसंगं हिंडतंय, पर पिता येत न्हाई."

"अगदी तस्संच!" मी एवढ्या जोरात म्हणाले की कंडक्टरनं वळून बघितलं.

"मंग रोजच बांदाय पायजे. एक दिस सोडलं की प्यालंच." थोडं थांबून म्हणाल्या, "असं आधी का न्हाई सांगितलंस? मी कशाला मेंढीला चारली असती? तिच्या गाठीला कुटं कोन पाजत हुतं?"



सोमवारी डॉक्टर मॅडमनी तपासलं, पिशवीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. मी मॅडमना मेंढीचा सगळा किस्सा सांगितला. त्या आधी पोट धरून हसल्या आणि मग म्हणाल्या, "प्रयोग बरोबर होता गं. मेंढी चुकीची होती." रिपोर्टला आठ दिवस. अक्का दवाखान्याच्या धर्मशाळेत राहिल्या. रोज सकाळी येऊन माझ्या खिडकीशेजारी भिंतीला टेकून बसायच्या. आला का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. येणाजाणाऱ्यांकडं बघत बसायच्या आणि मधेच मला विचारायच्या, त्या बाईला कुठली गोळी दिलीस? आणि तिच्या तोंडाला काय झालंय? लाल गोळी आणि पांढरी गोळी ह्यात फरक काय? शिंदेसर म्हणाले, "तुला तुझ्यासारखी भेटली बघ."

सहाव्या दिवशी त्या गायब. शोधते तर लॅबमध्ये! तिथल्या माणसाशी वाद चाललेला. "माजंच हाय न्हवं त्ये? मंग मला का बगू देत न्हाईस?" शेवटी त्या बिचाऱ्यानं काच दाखवली. अक्का सूक्ष्मदर्शकावर वाकल्या त्या वर बघेचनात. "रंगात बुडवल्याली लोकर हाय निस्ती," म्हणाल्या. "ह्यातनं तुमाला कळतं व्हय, मानूस जगनार का मरनार?" तो म्हणाला, मला नाही कळत, मोठ्या डॉक्टरांना कळतं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला धर्मशाळेतल्या बाईनं सांगितलं.

रिपोर्ट आला. साधा कोंब. कॅन्सर नाही. तपासायचा तुकडा घेतानाच मॅडमनी तो पूर्ण काढलेला होता. मी कागद घेऊन पळत गेले आणि धापा टाकत सांगितलं. अक्कांनी पदर तोंडाला लावला. मी पाणी आणलं. मग म्हणाल्या, "ह्यास्नी कसं कळवायचं?" तळ जिथं होता तिथल्या शेतकऱ्याच्या घरी फोन होता. मी लावून दिला. अक्का फोनात ओरडून एवढंच म्हणाल्या, "येतुया मी! मेंढरं नीट राखा!"

गोळी सुरूच ठेवायची ठरली. मात्र ठरावीक महिन्यांनी तपासायला यायचं, आणि परत लाल दिसलं तर मेंढीला न विचारता यायचं.

तेव्हापासून मी खिडकीच्या आत एक स्टूल ठेवलंय. ही गोळी घेणारी प्रत्येक बाई एकटी आत येऊन त्यावर बसते. नवरा, मुलगा, दीर, सगळे बाहेर. आणि मी एकेका गोष्टीचं नाव घेऊन सांगते. अंगातून वाफा येतील, त्याला घाबरू नका, पण आपल्या मनानं गोळी बंद करू नका. अंगावरून गेलं तर लगेच या. एक पाय सुजला, दम लागला तर त्याच दिवशी. धूसर दिसायला लागलं तरी सांगा. दिवस राहायचा संभव असेल तर आधी बोला. दुसऱ्या डॉक्टरकडं गेलात तर ही गोळी चालू आहे हे सांगा, रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर तर नक्कीच. मग मी त्यांना तेच सगळं उलटं मला सांगायला लावते. शिंदेसर म्हणतात, रांग वाढते. वाढू दे. रिकामी पाकिटं अजून मागते, पण आता वर विचारते, "कुणी खाल्ल्या?" बायका हसतात. दोघी-तिघी मात्र हसल्या नाहीत.

अक्का यंदा दिवाळीआधी तपासायला आल्या होत्या. सगळं ठीक. स्टुलावर बसल्या, गोळ्या घेतल्या, आणि उठायच्या ऐवजी मला म्हणाल्या, "एक इचारू? पाच वर्सांनी गोळी बंद करनार म्हनं. एवडी वर्सं ती गाठ उपाशी ऱ्हायली. तवा ती मेल्याली असती, का नुसती निजल्याली?"

 मला माहीत नव्हतं. मी त्यांना बसवून मॅडमकडं गेले. मॅडमच्या ओपीडीत गर्दी होती, तरी त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. काहींची मरते, काहींची नुसती झोपते. कुणाची काय, ते आधी कसं ओळखायचं, हे जगात अजून शोधतायत."

मी परत येऊन अक्कांना जसंच्या तसं सांगितलं. चांगलं काहीतरी मिसळून सांगावं असं वाटलं होतं, पण अक्कांच्या डोळ्यांसमोर ते जमलं नसतं.

अक्कांनी ऐकून घेतलं. पाकिटं एकावर एक रचून डबीत ठेवली, डबी कमरेच्या पिशवीत, आणि उठल्या.

"बरं," म्हणाल्या. "मंग तुमी शोदत ऱ्हावा. तवर मी खात ऱ्हाते."